१९७२च्या सी-१०चे बेल्ट, पुल्या आणि पाणी

टेक्ससमधल्या ब्रेनहॅमच्या अलीकडे, हायवे २९०वर, ऑगस्टच्या भर दुपारी माझ्या पिकअपच्या पाण्याचा काटा चढायला लागला. गाडी १९७२ची शेव्हरोले सी-१०. रेडिएटर नवाकोरा ॲल्युमिनियमचा, पंखा नवा, थर्मोस्टॅट नवा, बेल्टही नवा. घरासमोर उभी करून वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवली होती तेव्हा काटा जागचा हलला नव्हता. आणि इथे ताशी ६५ मैलांवर, समोरून वारा धो धो आत येत असताना, गाडी हीट मारत होती.

कारण सापडायला दोन शनिवार गेले. जुने व्ही-बेल्ट, म्हणजे व्ही आकाराचे अरुंद बेल्ट, काढून एकच रुंद सर्पेंटाइन बेल्ट बसवायला भंगार यार्डातून आणलेला सेट १९९०-९१च्या सुमाराच्या पिकअपचा होता. त्या मांडणीत वॉटर पंप बेल्टच्या पाठीवर फिरतो, म्हणजे उलट्या दिशेने. मी पंप मात्र माझा जुनाच ठेवला होता, सुलट फिरणारा. पुली चपखल बसली, बोल्ट लागले, पाणीही थोडंफार फिरत होतं. फक्त आतलं पातं उलटं फिरत होतं. सावकाशीत भागलं, जोर पडल्यावर उघडं पडलं.

तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो: बेल्ट, पंप, पंखा, रेडिएटर आणि वीज तयार करणारा ऑल्टरनेटर ही पाच वेगवेगळी खरेदी नाही. एकाला हात लावला की शेजारचा जागा होतो. इलेक्ट्रिक पंखा लावला की जुना ऑल्टरनेटर कमी पडतो, मोठा ऑल्टरनेटर आणला की जुनी वायर तापते आणि एकच व्ही-बेल्ट त्याला ओढता ओढता घसरतो, बेल्ट बदलायला गेलं की पंपाची दिशा आडवी येते. म्हणून पार्ट मागवण्याआधी सगळी साखळी कागदावर काढा.

अमेरिकेत ट्रक म्हणजे पिकअपसुद्धा, हे आपल्याकडून नव्याने आलेल्यांसाठी. सी-१० ही शेव्हरोलेची अर्ध्या टनाची पिकअप, आणि हा लेख तिच्या १९६७ ते १९७२ या पिढीबद्दल, त्यातही ३५० घनइंची म्हणजे ५.७ लिटरच्या व्ही-एट इंजिनाबद्दल. हे ‘स्मॉल ब्लॉक’ घराणं १९५५मध्ये सुरू झालं आणि पुढे दशकानुदशकं चाललं. त्यामुळे पार्ट मुबलक मिळतात. गोंधळही तेवढाच मुबलक, कारण पन्नास वर्षांत कुठल्या गाडीत कुठल्या सालचं इंजिन, हेड किंवा पंप येऊन बसलाय याचा भरवसा नाही.

खरंच बदलायचं आहे का?

स्पष्ट बोलतो. गाडीला एसी नाही, पंखा इंजिनावरच फिरणारा आहे आणि तुम्ही रविवारीच बाहेर काढता, तर व्ही-बेल्ट काढू नका. चांगले बेल्ट, सरळ रेषेत पुल्या, नवा पंप, धड फॅन क्लच (पंखा इंजिनाला जोडणारा भाग) आणि पंख्याभोवतीचं कव्हर एवढ्यावर ही इंजिनं टेक्ससच्या उन्हातही थंड राहतात. सर्पेंटाइन बेल्टने, म्हणजे त्या एकाच रुंद, उभ्या रिबा असलेल्या बेल्टने, इंजिनाची ताकद वाढत नाही. मिळतं ते असं: एकच बेल्ट, आपोआप ताण धरणारा टेन्शनर, आणि एसीचा कंप्रेसर आणि मोठा ऑल्टरनेटर न घसरता ओढायची ऐपत. १९७९च्या फोर्ड मस्टँगवर हा प्रकार पहिल्यांदा बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनीच उचलला, तो याच कारणासाठी.

बदलायचंच असेल तर दोन वाटा. एक, तयार किट: नवीन ब्रॅकेट, पुल्या, टेन्शनर, कधीकधी पंप आणि कंप्रेसरसकट. महाग, पण सगळं एका रेषेत येतं. दोन, यार्डातून एकाच गाडीचा पूर्ण सेट. इथे ‘एकाच’ आणि ‘पूर्ण’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. क्रँक म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या पुलीपासून शेवटच्या बोल्टपर्यंत, पंपासकट, एकाच इंजिनावरून काढा. प्रत्येक बोल्ट काढल्यावर त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून परत लावा आणि तसंच ब्रॅकेट घरी आणा. मी पंप गळतोय म्हणून तिथेच टाकून आलो. वाचवले किती, तर वीस डॉलरसुद्धा नाही.

मोजमाप

स्मॉल ब्लॉकला दोन लांबीचे वॉटर पंप येतात. ब्लॉकला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून पुली बसते त्या हबच्या तोंडापर्यंत मोजा. आखूड पंप साधारण ५ ५/८ इंच, लांब पंप जवळजवळ ७ इंच. सव्वा इंचाचा हा फरक पुढच्या सगळ्या पुल्यांची रेषा ठरवतो. गाडीचं साल विचारू नका, टेप लावा.

मग सिलिंडर हेडची टोकं बघा. १९६८ आणि त्याआधीच्या हेडना टोकाला ब्रॅकेटसाठी बोल्टची भोकं नसतात, १९६९पासून ती आली. बहुतेक ब्रॅकेट या भोकांवरच उभी राहतात, त्यामुळे गाडी ७२ची असली तरी हेड खरवडून, पुसून खात्री करा. क्रँकच्या टोकाला आतून आटे आहेत का, हेही बघा. जुन्या काही क्रँकना ते नसतात आणि मग क्रँक पुलीचा मधला बोल्ट लावायला जागाच नाही.

तिसरं माप हार्मोनिक बॅलन्सरचं, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या हादरे शोषणाऱ्या चाकाचं. ३५०वर ते ६ ३/४ किंवा ८ इंच व्यासाचं असतं. ते बदललं तर त्यावरची टायमिंगची (ठिणगी पडायच्या वेळेची) रेघ आणि ब्लॉकवरचा दर्शक जुळतात का ते तपासा. वेगवेगळ्या सालच्या बॅलन्सरवर ही रेघ वेगळ्या जागी कोरलेली असते. न जुळणाऱ्या जोडीवर टायमिंग लावलं तर ते चुकीचंच लागणार, आणि टायमिंग मागे पडलं की इंजिन तापतं. मग तुम्ही रेडिएटरला दोष देत बसाल.

रेडिएटर आणि पंपाच्या टोकामधली मोकळी जागा मोजून लिहून ठेवा. इलेक्ट्रिक पंखा कव्हरसकट तीन-चार इंच खातो. शेवटी, कार्बोरेटरला पेट्रोल देणारा यांत्रिक फ्युएल पंप ब्लॉकच्या उजव्या बाजूला (गाडीत बसून पाहिलं तर) पुढे खाली असतो. नवं ब्रॅकेट त्याला घासतं का, हे पुठ्ठ्याचा साचा कापून बघा.

आधी आजार ओळखा

गाडी गरम होते म्हणून हे सगळं चाललं असेल तर काहीही उघडण्याआधी एवढं करा. सिग्नलवर उभी असताना गरम आणि चालायला लागली की थंड, असं असेल तर वारा कमी पडतोय. फॅन क्लच गेलाय, कव्हर नाही किंवा पंखा कव्हरपासून लांब आहे. पात्याची साधारण अर्धी रुंदी कव्हरच्या आत आणि अर्धी बाहेर हवी. उलट, शहरात ठीक आणि हायवेवर गरम, तर पाणी कमी फिरतंय किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. खालचा होज पाईप पंपाच्या ओढीने चपटा होत असेल तरी असंच होतं. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी हलकेच ॲक्सिलरेटर द्यायला सांगा आणि बाजूने त्या पाइपाकडे बघा. माझी गाडी याच दुसऱ्या प्रकारातली होती. लक्षण पहिल्याच दिवशी समोर होतं, मी बघितलं नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो. रेडिएटरच्या जाळीवर तो आडवा-उभा फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केलं आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेडचं पॅकिंग तपासून घ्या, तो आजार पुल्या बदलून जाणार नाही.

मिरजेला मामाच्या गॅरेजमध्ये गाडी तापते म्हणून आली की पहिला उपाय ठरलेला: “व्हॉल्व्ह काढून टाक.” व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. निम्म्या महाराष्ट्रातल्या जुन्या जीप आणि टेंपो अशाच बिनव्हॉल्व्हच्या फिरल्या. त्याने काटा खाली दिसतो, पण इंजिन कामाच्या तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये ओल आणि गाळ साठतो. थर्मोस्टॅट तापमानाची खालची पातळी धरून ठेवतो, वरची नाही. त्याच न्यायाने १९५ अंश फॅरनहाइटचा काढून १६०चा टाकला म्हणून तापणारी गाडी थांबत नाही, फक्त तापायला थोडी उशिरा सुरुवात करते. मी १८०चा, म्हणजे सुमारे ८२ अंश सेल्सिअसचा वापरतो. त्याच्या चकतीला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडलंय, आत अडकलेली हवा निघून जायला.

उघडणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. इंजिन पूर्ण थंड असू द्या. रेडिएटरखाली मोठी परात ठेवा आणि तळाची तोटी सोडा. कूलंटला गोडसर चव असते, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि इथिलीन ग्लायकॉल त्यांच्यासाठी जीवघेणं विष आहे. सांडलेलं लगेच धुवा, उरलेलं बरणीत भरून ऑटो पार्टच्या दुकानात किंवा गावाच्या संकलन केंद्रावर द्या, गटारात नको.

रेडिएटर रिकामा झाला तरी ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, ऑइल पॅनच्या थोडं वर, एकेक चौकोनी डोक्याचा प्लग असतो. तो काढल्यावर काहीच आलं नाही तर खूश होऊ नका. आत गाळाचा थर बसलेला असतो. ताठ तार घालून ढोसा. माझ्या गाडीतून आधी चहाच्या चोथ्यासारखा तांबूस लगदा आला आणि मग धार लागली. दोन्ही बाजूंनी स्वच्छ येईपर्यंत बागेच्या नळाने धुवा, नाहीतर हा सगळा गाळ नव्या रेडिएटरमध्ये जाऊन बसणार.

प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, बोल्ट लेबल लावलेल्या पिशव्यांत ठेवा. पॉवर स्टिअरिंग पंपाची पुली दाबून बसवलेली असेल तर ती ओढायला आणि बसवायला वेगवेगळी हत्यारं लागतात, दुकानं ती अनामत घेऊन वापरायला देतात. हातोडा मारू नका, आतलं सील आणि बेअरिंग जातं. बॅलन्सरही तसंच: ओढायचं पुलरने आणि बसवायचं आट्यांच्या हत्याराने. बाहेरची रिंग रबरावर चिकटवलेली असते, ती ठोकली की सरकते.

एसी असेल तर गॅसचे पाईप स्वतः सोडू नका. जुन्या गाडीत आर-१२ हा जुना गॅस असू शकतो आणि तो हवेत सोडणं इथे १९९२पासून बेकायदा आहे. परवानाधारक दुकानात आधी काढून घ्या. नव्या मांडणीत जुना ए-६ कंप्रेसर ठेवायचाही अट्टहास नको, ते धूड उचलताना कंबर बोलते. छोटा रोटरी प्रकारचा कंप्रेसर निम्म्याहून हलका असतो.

पंप आणि तो एक बोल्ट

पंप विकत घेताना काउंटरवर गाडीचं साल सांगू नका. दिशा सांगा, लांबी सांगा. दिशा ठरते बेल्टच्या वाटेवरून: बेल्टची रिबांची बाजू पंपाच्या पुलीवर असेल तर पंप क्रँकच्याच दिशेने फिरतो, सपाट पाठ असेल तर उलट. समोर उभं राहून पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. बेल्टच्या जागी दोरी गुंडाळून क्रँक हाताने फिरवलात तर वाद उरत नाही. इंजिनावरचा पंखा ठेवणार असाल तर तोसुद्धा त्याच दिशेचा हवा, नाहीतर तो इंजिनाची गरम हवा रेडिएटरवर फेकेल. जाळीपुढे कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे.

ब्लॉकचा पृष्ठभाग जुन्या पॅकिंगपासून ब्लेडने साफ करा, भोकांतले आटे टॅपने हलकेच साफ करा. काही भोकं थेट पाण्याच्या वाटेत उघडतात, म्हणून चारही बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा. कसणं ३० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४० न्यूटन-मीटर, तिरप्या जोडीने.

आता थांबा आणि ब्लॉकचं पुढचं तोंड बघा. गाडीच्या उजव्या बाजूला (समोर उभं राहिलं तर तुमच्या डाव्या), फ्युएल पंपाच्या थोडं वर, ३/८ इंचाचं एक भोक आहे. ते इतर भोकांसारखं आंधळं नाही. त्याच्या आतून फ्युएल पंपाचा पुशरॉड, म्हणजे पंप चालवणारा दांडा, वर-खाली होतो. फ्युएल पंप बदलताना मेकॅनिक तिथे मुद्दाम लांब बोल्ट घालून पुशरॉड धरून ठेवतात. तेच भोक पुष्कळ ब्रॅकेटही वापरतात. तिथे गरजेपेक्षा अर्धा इंच लांब बोल्ट घालून कसलात तर पुशरॉड जाम होईल आणि इंजिन फिरवल्यावर काहीतरी वाकेल किंवा तुटेल. भोक मोकळं सोडलंत तर तिथून ऑइल झिरपेल. ब्रॅकेट आणि वॉशर धरून बोल्टचं टोक किती आत जातं ते मोजा, आखूड बोल्ट वापरा, आट्यांना सीलंट लावा, आणि नंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. अडखळला तर बोल्ट बाहेर.

रेडिएटर आणि पंखा

मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर चांगला असेल तर रॉड मारून, म्हणजे नळ्या आतून साफ करून, घेणं हा आजही सन्माननीय उपाय आहे, फक्त ते काम करणारे म्हातारे कारागीर शोधावे लागतात. ॲल्युमिनियममध्ये ‘चार रो’ वाचून भुलू नका. एक इंच रुंदीच्या नळ्यांच्या दोन ओळी अरुंद नळ्यांच्या चार ओळींएवढं काम सहज करतात आणि हवाही नीट आरपार जाते. ऑटोमॅटिक गिअर असेल तर ऑइल थंड करायची नळी बाजूच्या टाकीत असलेलाच रेडिएटर घ्या.

ॲल्युमिनियम रबराच्या गाद्यांवरच बसवा आणि त्याला विजेपासून जपा. गाडी चालू, दिवे चालू, मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तार कूलंटमध्ये बुडवलेली: ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३च्या वर गेलं तर इंजिनाची अर्थिंग खराब आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय. असा रेडिएटर आतून खाल्ला जातो आणि लवकरच सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून गळायला लागतो.

पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा आणि पूर्ण जाळी झाकणाऱ्या कव्हरसह घ्या. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा टांगायची पद्धत आहे, ती मला पसंत नाही, हादऱ्याने पट्टी नळी कापते. वीज कधीही थेट स्विचमधून देऊ नका. ४० अँपिअरचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीपासून १० गेजची वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज. रिलेला हुकूम देणारा तापमान-स्विच थर्मोस्टॅटपेक्षा वरच्या अंकाचा हवा. १८०च्या थर्मोस्टॅटला मी २०० फॅरनहाइटला चालू आणि १८५ला बंद होणारा लावलाय. चालू व्हायचा अंकच थर्मोस्टॅटच्या खाली असेल तर पंखा थांबणारच नाही. हा स्विच बहुधा स्वतःच्या आट्यांतूनच अर्थ घेतो. त्यावर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली की तो मुका होतो.

वीज

१९७२च्या साध्या ऑल्टरनेटरची क्षमता ३७ अँपिअरपासून सुरू व्हायची, तीही वेगात, उभ्या गाडीत त्याचा काही अंशच. माझ्या गाडीत क्लॅम्प मीटरने मोजलं: दिवे १४, हीटरचा ब्लोअर ९, इग्निशन ४, नवा पंखा २२. बेरीज ४९. रात्री, पावसात, सिग्नलवर हा हिशेब बसत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरते.

ऑल्टरनेटर निवडताना मोठा आकडा बघून भागत नाही, निष्क्रिय वेगाला, म्हणजे उभ्या गाडीत, किती देतो ते विचारा आणि पुल्यांचं गुणोत्तर काढा. क्रँक पुली ६.७५ इंच आणि ऑल्टरनेटरची २.२५ असेल तर गुणोत्तर तीन. मिनिटाला ७०० फेऱ्यांवर ऑल्टरनेटर २,१००ने फिरतो. पंपाची पुलीही याच हिशेबात घ्या: ती नको तेवढी मोठी केली तर उभ्या गाडीत पाणी मंद फिरतं.

७२पर्यंतच्या गाडीत रेग्युलेटर वेगळा, फेंडरजवळ असतो. नव्या प्रकारच्या ऑल्टरनेटरमध्ये तो आतच असतो. तयार ॲडॅप्टर वायरिंग मिळतं, तेच वापरा. सेटबरोबर आलेल्या सीएस-१३० प्रकारच्या ऑल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह दिव्यातून किंवा रेझिस्टरमधून द्यावा लागतो. थेट १२ व्होल्ट दिले की आतला रेग्युलेटर जळतो. आणि चावी बंद करूनही इंजिन चालूच राहिलं तर भुताटकी समजू नका, ऑल्टरनेटरमधून त्याच बारीक वायरने उलटा प्रवाह इग्निशनला मिळतोय. वाटेत डायोड घाला.

चार्जिंगची मूळ वायर मोठ्या ऑल्टरनेटरच्या १०० अँपिअरसाठी नाही. ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी ६ गेजची टाका आणि तिच्या वाटेत फ्युजिबल लिंक, म्हणजे जास्त प्रवाहाला वितळून तुटणारा तुकडा, वायरपेक्षा चार अंक बारीक, म्हणजे १० गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक). इंजिन ते फ्रेम, इंजिन ते केबिन आणि बॅटरी ते इंजिन अशा तीन स्वच्छ अर्थ वायरी जोडा, रंग खरवडून. माझ्या अनुभवात जुन्या गाड्यांचे विजेचे निम्मे आजार इथेच बरे होतात.

बेल्ट

सगळं हाताने घट्ट करून झालं की लांब सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर धरा आणि प्रत्येक पुली तपासा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त मागेपुढे असेल तर वॉशर घालून किंवा ब्रॅकेट घासून जुळवा. पुली तिरकी असेल तर वॉशरने काम होत नाही, ब्रॅकेट वाकलंय.

टेन्शनर बेल्टच्या सैल बाजूला हवा, म्हणजे क्रँकवरून सुटलेला बेल्ट जिथे प्रथम जातो तिथे. ताणाच्या बाजूला लावला तर जोर पडताच हात मागे ढकलला जातो आणि बेल्ट उडतो.

लांबीसाठी दोरी वापरा, सुतळी नको, ती ताणते. टेन्शनर त्याच्या खुणांच्या मध्यावर धरून दोरी पूर्ण वाटेने फिरवा, मोजा, आणि त्या आसपासचे दोन बेल्ट आणा, नको असलेला परत करता येतो. के०६०८५० असा नंबर असेल तर ६ रिब आणि सुमारे ८५ इंच. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, झिजले तरी त्यांना जुन्यासारख्या भेगा पडत नाहीत. खोबणीची खोली मोजायचं प्लास्टिकचं छोटं माप मिळतं, डोळ्यांवर विसंबू नका.

चिवचिव किंवा किंचाळणं ऐकू आलं तर चालत्या बेल्टच्या रिबांवर पाण्याचा फवारा मारा. आवाज क्षणभर गेला तर पुली रेषेत नाही, वाढला तर ताण कमी आहे. बाही सैल नको, हात लांब.

पाणी भरणं

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. एकूण १५-१६ लिटर लागेल. हिरवं जुन्या प्रकारचं आणि नारिंगी डेक्स-कूल एकत्र करू नका. १५ पीएसआय दाब धरणारं झाकण लावा: दर पीएसआयला उत्कलनबिंदू सुमारे ३ अंश फॅरनहाइटने वर जातो, म्हणून हे मिश्रण १०६-१०७ऐवजी १२९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. याच कारणाने गरम गाडीचं झाकण उघडणं धोक्याचं. दाब सुटताच आतलं सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. बाजूला ओव्हरफ्लोची बाटली बसवणार असाल तर झाकणही परत ओढणारं, दोन सीलचं घ्या.

गाडीचं नाक थोडं वर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा. वरचा होज हाताने दाबून सोडत राहा, हवेचे ढेकर निघतील. डॅशबोर्डवर गरम हवा येऊ लागली की झाकण लावा.

चाचणी घरासमोर पुरी करू नका, मी तेच केलं होतं. पाच मैल शहरात, मग वीस मैल हायवेवर, मग परत येऊन एसी लावून पंधरा मिनिटं उभी. प्रत्येक टप्प्याला काटा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर सगळ्या क्लिपा आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा कसा. पाचशे मैलांनी पुन्हा एकदा, आणि बेल्टखाली काळी भुकटी साठली आहे का बघा. साठली असेल तर कुठली तरी पुली अजून वाकडी आहे.

माझ्या सी-१०च्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. बेल्टचा नंबर, थर्मोस्टॅटचे अंश, फ्यूज कुठे आहे, पुशरॉडच्या भोकातल्या बोल्टची लांबी. खाली तांबड्या स्केचपेनाने, मराठीत आणि इंग्रजीत, पुढच्या मालकासाठी लिहिलंय: या गाडीचा वॉटर पंप उलटा फिरतो. दुकानदार साल विचारेल, सांगू नका.